फॉल्ट पार्टसोबत जातो

१

बंद पडलेली वस्तू मला आवडते. फ्यूज उडाला, वायर तुटली, ट्रान्सफॉर्मर जळाला, जे काय असेल ते सरळ समोर येतं. पण लाइट लागतोय, आवाजही येतोय, फक्त त्यात जीव नाही, अशी तक्रार आली की माझं डोकं सटकतं. गिऱ्हाईक म्हणतं, "पत्रूभाऊ, पयल्यासारखं वाजत नाई." पहिल्यासारखं म्हणजे कसं? ते मीटरवर कुठं दिसतं?

सिंदेवाहीत बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. समोरच्या खोलीत दुकान, मागं घर, मधे नुसता पडदा. पडद्याच्या अलीकडं माझा सोल्डरचा धूर आणि पलीकडं माझ्या बायकोचा, भागीरथेचा आवाज. ती दिवसभर बोलते. माझ्याशी बोलते, शेजारणीशी बोलते, कोणी नसलं तर भांड्यांशी बोलते. बोलून दमली की गुणगुणते. माझा जुना रेडिओग्राम घरात आहे, व्हॉल्व्हवर, म्हणजे त्या तापून पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, लाकडी पेटीचा. रोज सकाळी तोच पुसून लावते आणि त्यातल्या गाण्याच्या पुढं पुढं धावते. शिवाय दर थोड्या वेळानं पडद्याआडून विचारणार, "आयकता काय? च्या ठेवू काय?" मी म्हणणार, "ठेव." आमचा संसार या दोन वाक्यांवर चालतो असं शेजारी चिडवतात, आणि ते काही फार खोटं नाही.

त्या दिवशी मी एका मिक्सरच्या नादात होतो. मान वर केली तर दारात हेमराज उभा. खांद्यावर त्याचा गिटारचा अँप्लिफायर, दोन माणसांनी उचलावा असा जड. बाहेर मोटरसायकल लावलेली. तो आला कधी, गाडी थांबली कधी, मला काहीच कळलं नाही. आमच्या दारापुढं गिट्टी टाकलेली आहे, तिच्यावरून मांजर गेलं तरी करकर होते.

"काऊन रे, चोरासारखा येऊन उभा राह्यला?"

"मंघापासून आवाज देऊन राह्यलो, पत्रूभाऊ," तो म्हणाला.

पंखा चालू होता, मिक्सर घरघरत होता. तेच कारण असणार, असं म्हणून मी विषय सोडला.

२

धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी शंकरपट भरतात, दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक होतं. हेमराज तिशीतला, अशाच एका कंपनीत गिटार वाजवतो. पोरगा गुणी आहे. नागपूरच्या कुठल्यातरी बँडकडून त्यानं हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घेतला होता, आणि त्याचा सूर असा होता की दु:खाच्या प्रवेशाला मागच्या रांगेतल्या बायाही पदर तोंडाला लावत.

"आता कसा वाजते?" मी विचारलं.

"वाजवून दाखवतो."

त्यानं तार छेडली. आवाज आला, पण तो कसा सांगू? गोणपाटाखाली दाबून ठेवल्यासारखा. मोठा केला तरी मोठा झाला नाही, नुसता पसरला.

"मालक बाबुलालभाऊ म्हणते, पोंभुर्ण्याकडच्या पयल्या प्रयोगात असाच वाजला तं गिटार बंद. कीबोर्डवालाच वाजवन म्हणते. मंग माहं काम गेलं समजा. घरी माय हाय, पत्रूभाऊ. सीझनचंच खातो आमी."

मी म्हटलं, "ठेवून जा. पाह्यतो."

आधी घरातला करंट पाहिला, कारण आमच्याकडं संध्याकाळी पंखे हातानं फिरवावेत इतका तो पडतो. ठीक होता. मग एक हात खिशात घालून, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून या कामात घालावा लागतो तसा, आतले व्होल्टेज मोजले. सगळे जिथल्या तिथं. कंडेन्सर बदलले. टोनचं बटण साफ केलं. स्पीकर काढून दुसऱ्या मशीनला लावला, झकास वाजला. आउटपुटचे मोठे व्हॉल्व्ह बदलून पाहिले. सांधे पुन्हा सोल्डर केले. गिटार हेमराजनं तिथंच ठेवली होती. शेवटी वैतागून मीच ती घेतली आणि मला येते तशी, म्हणजे अजिबात येत नाही तशी, तार ओढली.

दुकान भरून गेलं. असा गोड, भरदार सूर निघाला की पडद्याआडून भागीरथा म्हणाली, "वा! झालं काय नीट?"

मी हेमराजला फोन लावला. फोनवर त्याचा आवाज इतका बारीक येत होता की मी तीनदा "जोरानं बोल" म्हणालो आणि नुसतं "ये" म्हणून ठेवून दिला.

तो आला. पुन्हा गाडी ऐकू आली नाही. त्यानं तीच गिटार, तीच वायर, तेच बटण, त्याच जागी बसून वाजवलं. गोणपाट.

मी त्याच्यावरच भडकलो. "तुहा हात बिघडला काय?"

त्यानं खाली पाहिलं. रडवेला झाला होता. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त होता. गिऱ्हाइकासमोरच दिसणारे आणि माझ्यासमोर लपणारे फॉल्ट मी आयुष्यभर पाहिले आहेत. असा निर्लज्ज फॉल्ट नव्हता पाहिला.

३

माझ्याकडं बांबूची एक बारीक काडी आहे. मशीन चालू ठेवून तिनं एकेका पार्टला हलकेच टिचकी मारायची. सैल असेल तो पार्ट स्पीकरमधून ओरडतो. मारत मारत मी पहिल्या छोट्या व्हॉल्व्हपाशी आलो, ज्याच्यात गिटारचा आवाज सगळ्यात आधी शिरतो. टिचकी मारली आणि स्पीकरमधून घंटी वाजल्यासारखा आवाज झाला.

"सापडला!" मी म्हणालो.

व्हॉल्व्ह म्हातारा झाला की कधीकधी आतली जाळी सैल होते आणि तो माइकसारखा ऐकायला लागतो. आसपास जे वाजेल ते स्पीकरमधून बाहेर पडतं. यात नवल काही नाही. मी गिटारची वायर काढून टाकली आणि बटण पूर्ण वाढवलं. खरंच, सगळी खोली स्पीकरमधून यायला लागली. माझा खोकला आला. पंख्याची टकटक आली. पडद्याआडून भागीरथेच्या बांगड्या आल्या, सराट्यानं तव्यावरची भाकर उलथल्याचा आवाज आला, तिचं गुणगुणणं आलं.

"भागा, जरा उगीमुगी राह्य," मी ओरडलो. "टेस्टिंग चालू हाय." तेही स्पीकरमधून घुमलं.

हेमराज माझ्या शेजारी, अँप्लिफायरवर वाकून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे हाच खराब हाय काय?"

ते स्पीकरमधून आलं नाही.

मी म्हटलं, "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

तोंड व्हॉल्व्हपासून वीतभर. काही नाही. मी टाळी वाजवली, ती आली. त्याला वाजवायला लावली. त्याचे दोन्ही हात एकमेकांवर आपटलेले मी पाहिले, स्पीकर गप्प होता. आणि खरं सांगायचं तर खोलीतही ती टाळी मी ऐकली की नुसती पाहिली, हे मला नक्की सांगता येईना.

मी स्वतःला समजावलं. काही आवाज जाळीला हलवतात, काही हलवत नाहीत. फ्रिक्वेन्सीचा प्रश्न आहे. हे मी मोठ्यानं म्हणालो सुद्धा.

हेमराज हळूच म्हणाला, आणि मला त्याच्या तोंडाकडं पाहावं लागलं, "घरी गेलो का कुत्रा भुकत नाई आता. माय पाठ करून बसली राह्यली तं मी आलो हे तिले समजतच नाई. मले भेव वाटून राह्यलं, पत्रूभाऊ."

"रात्रंदिवस तालमी करता, झोपत नाई," मी म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याचाही मला राग आला.

४

आमच्या कामात एक पद्धत आहे. फॉल्ट सापडत नसेल तर दोन मशीनचे पार्ट आपसात बदलायचे. फॉल्ट जागेवर राहिला तर मशीन खराब. पार्टसोबत दुसरीकडं गेला तर पार्ट खराब. तीस-पस्तीस वर्षं हेच केलं आहे.

त्याच नंबरचा व्हॉल्व्ह बाजारात मिळणं कठीण. पण माझ्या रेडिओग्राममध्ये होता. मी पडद्याआड जाऊन तो काढला, हेमराजच्या अँप्लिफायरमध्ये घातला आणि हेमराजचा रेडिओग्राममध्ये. नुसता काढून ठेवता आला असता. पण रिकामं सॉकेट माझ्यानं बघवत नाही, आणि अर्धवट टेस्टिंग मी करत नाही.

हेमराजनं तार छेडली.

मी आजवर पुष्कळ स्पीकर ऐकले. असा सूर नाही ऐकला. पहिल्यापेक्षाही चांगला. त्यात एक ओल होती, माणूस बोलता बोलता थांबतो तसं काहीतरी. हेमराज वाजवतच राहिला, डोळे मिटून. मग हसला, मोठ्यानं, आणि ते हसू सगळ्या दुकानात वाजलं. अँप्लिफायर घेऊन निघाला तेव्हा गिट्टी करकरली, गाडी फटफटली, आणि पार बसस्टँडच्या वळणापर्यंत मला ती ऐकू येत होती. गल्लीतलं कुत्रं तिच्यामागं भुंकत गेलं.

मी खूश होतो. टेबल आवरायला वळलो तर कोपऱ्यात चहाचा कप ठेवलेला. भागीरथा शेजारी उभी होती.

ती कधी आली, मला कळलं नाही. चहा ठेवू काय, असं तिनं विचारलंही नव्हतं.

५

पहिले दोन-चार दिवस मी लक्ष दिलं नाही. तिचा आवाज बसला असेल, थंडी पडली होती. बोलायची ती, पण त्यातलं वरचं सगळं उडून गेल्यासारखं, नुसती खालची घुमघुम. मी तिला हळद-दूध घ्यायला सांगितलं. रेडिओग्राम छान चालत होता. गाणी स्वच्छ येत होती. त्यांच्या पुढं धावणारं गुणगुणणं तेवढं येत नव्हतं.

मग एका दुपारी मी जेवायला बसलो होतो. तिच्या हातून स्टीलची परात सुटली. माझ्या डोळ्यांसमोर ती फरशीवर पडली, काठावर उभी राहिली, गरगर फिरली आणि आडवी झाली. कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बाहेर ट्रॅक्टर जात होता, तोही ऐकू येत होता. परातीचा आवाज झालाच नाही.

मी उठून तीच परात उचलली आणि खाली टाकली. केवढा खणखणाट झाला! शेजारीण डोकावली. "काय झालं वो, पत्रूभाऊ? अन भागीरथाबाई रुसली काय आमच्यावर? बोलत नाई हप्ता झाला."

म्हणजे माझे कान ठीक होते. तरी मी डॉक्टरकडं जाऊन कान तपासून आलो. डॉक्टरही म्हणाला, ठीक आहेत. भागीरथेचा घसाही त्यानं पाहिला. काही नाही म्हणाला.

ती आधी चिडली. तिला वाटलं मी मुद्दाम करतोय. माझ्यासमोर उभी राहून बोलायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि माझ्यापर्यंत एक अक्षर पोचायचं नाही. मग चिडणं संपलं. एका सकाळी ती माझा हात धरून बसून राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या. तिनं हात हलवला, बांगड्या एकमेकींवर आपटल्या. घर इतकं गप्प कधीच नव्हतं. ते मला आता सहनच होत नव्हतं.

मी रेडिओग्राममधला व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवला. म्हटलं, आता बोल. तिचे ओठ हलले. काही नाही. परत घातला. काही नाही. मी त्या पेटीला लाथ घातली, आईमाई काढली, आणि मग शहाण्या माणसासारखा खाली बसून विचार केला. फॉल्ट पार्टसोबत गेला. तर मग तो परत कसा आणायचा, हेही मला माहीत असायला पाहिजे होतं. बदललेले पार्ट पुन्हा आपापल्या जागी घालायचे. माझा व्हॉल्व्ह हेमराजकडं होता.

निघताना तिला सांगितलं, पोंभुर्ण्याकडं जातो, संध्याकाळपर्यंत येतो. तिनं विचारलं काहीतरी. काय विचारलं ते ओठांवरून मला समजलं, पण मी उत्तर दिलं नाही. बस निघायची वेळ झाली होती.

६

शंकरपट रंगात होता. धुरळा, आरडाओरडा, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. पलीकडं धानाच्या रिकाम्या बांधीत रात्रीच्या नाटकाचा मंच उभा राहत होता. हेमराज मंचावर होता आणि गिटार तपासत होता. खाली मंडप बांधणारी माणसं हातातली कामं सोडून ऐकत उभी होती.

"बाई गाऊन राह्यली असं वाटते ना?" मालक बाबुलालभाऊ मला म्हणाले. "काय जादू केली बापा तुमी!"

मी वर चढलो आणि अँप्लिफायरच्या मागं जाऊन बसलो. पाठीमागून पेटी उघडीच होती. मोठे व्हॉल्व्ह केशरी पेटले होते, आणि कोपऱ्यात तो छोटा.

"मले माहा व्हॉल्व्ह पायजे," मी म्हणालो. "तुहा आणला मी. बदलून देतो."

हेमराजचा चेहरा उतरला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मला तेव्हाच कळलं की त्याला माहीत आहे.

"पत्रूभाऊ, मायले माहा आवाज आयकू येऊन राह्यला आता," तो म्हणाला, आणि त्याचा शब्द न् शब्द खणखणीत होता. "तुमच्या पाया पडतो. नका काढू."

"माह्या घरी..." मी म्हणालो, आणि खिशातून त्याचा व्हॉल्व्ह काढून पुढं धरला.

त्यानं तारांवर तळवा ठेवला. सूर थांबला. पण स्पीकर पूर्ण थांबला नाही. खूप हळू, आत कुठंतरी, काचेवर काच वाजत होती. मग भांडं सरकवल्याचा आवाज. मग गुणगुणणं.

व्हॉल्व्ह माइकसारखा ऐकतो, मी स्वतःला म्हणालो. खाली बाया असतील, त्यांच्या बांगड्या असतील. मी खाली पाहिलं. मंडपवाले, सगळे पुरुष.

मी खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला. स्पीकरमधलं गुणगुणणं थांबलं. पावलं आली, घाईची, माझ्या ओळखीची. फोन उचलला गेला. कानाला लावलेल्या मोबाइलमध्ये काहीच नव्हतं.

"हालो?" स्पीकर म्हणाला.

हेमराज दोन पावलं मागं सरला. गिटार त्याच्या गळ्यात तशीच होती.

"हालो? कुठी हाय तुमी?" भागीरथा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, सगळ्या उतारचढावांसकट. "मी कवाची बोलून राह्यली. कोणीच आयकत नाई मले. तुमी आयकता काय?"

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी ओक्साबोक्शी रडलो. व्हॉल्व्ह काढायला हात पुढं केला आणि तसाच थांबलो. चालू मशीनमधून व्हॉल्व्ह उपटत नाहीत, हे मी शिकलेलो आहे. पण मी थांबलो ते त्यामुळं नाही. उपटला तर ती माझ्या हातातल्या काचेत असेल की कुठंच नसेल, हे मला कळत नव्हतं.

"लाइन बंद करून राह्यलो!" मंचाखालून इलेक्ट्रिशियन ओरडला. "जनरेटरवर घेतो, एक मिनिट!"

"नको!" मी किंचाळलो. "थांब! नको करू!"

खाली बैल सुटले होते आणि लोक आरोळ्या देत होते. खटका पडला. मंचावरचे दिवे गेले.

व्हॉल्व्ह एकदम विझत नाहीत. करंट गेल्यावरही थोडा वेळ ते तापलेले राहतात, आवाज बारीक होत होत जातो. मी पेटीत तोंड घातलं. केशरी रंग काळवंडत चालला होता.

"आयकता काय?" ती विचारत होती, लांबून, आणखी लांबून. "च्या ठेवू काय?"

"ठेव," मी म्हणालो. "ठेव भागा, येतो मी. ठेव."

जनरेटर सुरू झाला. दिवे लागले, व्हॉल्व्ह पुन्हा पेटले, आणि स्पीकर स्वच्छ, कोरडा घूं करत राहिला, त्यात भागीरथा नव्हती. हेमराजनं तार छेडली. गोणपाटासारखा आवाज आला. त्याचे ओठ हलत होते, पण तो काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही. माझ्या हातातला फोन अजून चालूच होता.